पलंग नंबर अकराचा मुलगा

कविता मी जन्मात केली नव्हती आणि करायची हौसही नव्हती. मी डॉक्टर व्हायला आले होते. कुठे दुखतं ते विचारायचं, चाचपायचं, ऐकायचं, औषध लिहायचं आणि पुढच्या पलंगाकडे जायचं, इतकं सरळ काम. वर्गात मला फुटपट्टी म्हणायचे ते याचमुळे. मला त्याचा राग यायचा नाही. फुटपट्टी निदान उपयोगाची वस्तू आहे.

पण शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजला माणुसकीचा झटका आला. कुठल्याशा पाहणीत असं निघालं होतं, की आमचे विद्यार्थी रुग्णाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता एक्स-रेकडे बघतात. त्यावर उपाय म्हणून मानव्यविद्या नावाचा विषय आला, विषयाला एक सर आले, सरांना खोली मिळाली आणि मग नियम निघाला. प्रत्येकाने आपल्या एका रुग्णावर एक कविता लिहायची. दहापैकी सहा गुण मिळाले नाहीत तर तोंडी परीक्षेला बसता येणार नाही.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण विद्यार्थी कविता हरवतात, दुसऱ्याच्या उतरवतात, म्हणून त्या थेट केसपेपरलाच लावायच्या असं ठरलं. आधी तापाचा तक्ता, मग रक्ताचे रिपोर्ट, मग कविता, मग डिस्चार्जचा कागद. पान क्रमांक सात, वर छापलेलं: 'काव्य, निळ्या शाईत'.

आणि केसपेपर म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे केसपेपरवर लिहिलं ते झालं, आणि लिहिलं नाही ते झालंच नाही. त्यातलं अक्षर खोडायचं नाही. चूक झालीच तर ज्याने लिहिलं त्यानेच, त्याच प्रकारच्या कागदावर, तारीख घालून दुरुस्ती जोडायची. पहिल्या वर्षी हे शिकवलं तेव्हा मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं होतं.

माझा रुग्ण होता पलंग नंबर अकरा. वय एकाहत्तर, उजव्या बाजूचा न्यूमोनिया, धंदा शिलाई मशिनी दुरुस्त करण्याचा. लग्न केलेलं नाही, भाऊबहीण नाही, एक दुकान आणि दुकानामागे एक खोली. माणूस किरकिरा. सलाईन नीट थेंब थेंब पडत नाही म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी सिस्टरकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला होता. मी त्यांना आजोबा म्हणायची आणि ते मला डॉक्टरीणबाई म्हणायचे, पण असं म्हणायचे की मी अजून डॉक्टर झालेली नाही हे मला लगेच आठवावं.

त्यांच्यावर मी कविता लिहिली ती अशी:

वय एकाहत्तर, खोकला आठ दिवस,
ताप एकशे दोन, भूक कमी.
उजव्या फुफ्फुसात, खालच्या बाजूला,
घरघर ऐकू येते.

अशा बारा ओळी. एकही शब्द खोटा नव्हता. सरांनी दहापैकी दोन दिले आणि कागदावर लाल पेनने विचारलं, "यात माणूस कुठे आहे?" मी खाली लिहिलं, "पलंग नंबर अकरावर." त्याचा अर्धा गुण कापला गेला.

मग मी आमच्या महाकवीला विचारलं. महाकवी म्हणजे माझ्याच वर्गातला एक लांबुडका मुलगा. त्याला नाडी सापडत नसे, पण कवितेला दहापैकी नऊ मिळाले होते. तो म्हणाला, "अगं, कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय असं टाक. सर लगेच विरघळतात."

मी आजोबांकडे पाहिलं. ते दिवसभर डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून पडलेले असत, कारण त्या कुशीवर त्यांना खोकला कमी यायचा. मी लिहिलं:

दूर गेला आहे मुलगा,
आज येईल, उद्या येईल,
म्हणून ते कूस बदलत नाहीत.

आठ गुण! शेजारी शेरा: "शेवट भावस्पर्शी. मुलगा छान." कागद पान सातवर लागला, त्यावर शिक्का बसला, आणि मी कवितेचा कायमचा निकाल लावला असं समजून हात झटकले.

आठव्या दिवशी आजोबांची छाती स्वच्छ झाली. मोठ्या डॉक्टरांनी राउंडला येऊन "घरी सोडा" म्हटलं. आजोबांनी तेवढ्यात पिशवीही भरली. सिस्टर केसपेपर घेऊन बसल्या आणि पानं उलटता उलटता सातव्या पानावर थांबल्या.

"यांना मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला बोलवा न्यायला."

"कोणाला मुलगा आहे?" आजोबांनी विचारलं.

"तुम्हाला."

"माझं लग्नच झालेलं नाही!"

"ते तुम्ही म्हणताय," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "इथं लिहिलंय."

नियम साधा होता. ज्याचं कोणीही नाही त्याला स्वतःच्या सहीवर घरी जाता येतं. पण ज्याचं कोणी आहे, त्याला त्या माणसाने येऊन, सही करून न्यावं लागतं. भरती झाल्यापासून पंधरा दिवसांत कोणी आलं नाही तर रुग्ण 'नातेवाइकांनी टाकलेला' ठरतो. सोळाव्या दिवशी सकाळी अकराला निवाऱ्याची गाडी येते आणि त्याला शहराबाहेरच्या निवाऱ्यात नेऊन ठेवते. तिथून परत आलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. म्हणजे मुलगा नसता तर आजोबा त्याच दुपारी आपल्या दुकानात बसले असते.

मी सिस्टरना बाजूला घेऊन खरं ते सांगून टाकलं. "सिस्टर, तो मुलगा मी मनानं लिहिलाय."

"मनानं लिहिलंत ना? मग झालं तर. सरांनी शिक्कापण मारलाय." त्यांनी माझ्याकडे जरा मायेनं बघितलं. "तुम्ही चांगलं लिहिता हो. मला वाचून रडू आलं."

दुसऱ्या दिवशी समाजसेविका बाई आल्या. गोड बोलणाऱ्या, हातात फाईल. आजोबा त्यांच्यावर उखडले, "मला मुलगा नाही, नाही, नाही!" बाईंनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि फाईलमध्ये लिहिलं, "वडील मुलाचं नावही काढू देत नाहीत. दुरावा खोल." मग त्यांनी मुलाला माफ करण्याचे पाच टप्पे समजावले. आजोबा म्हणाले, "नसलेल्या माणसाला माफ कसं करायचं?" बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तेही लिहून घेतलं.

मला मात्र त्यांनी चांगलंच पिडलं. मुलाचा पत्ता काय, तो दूर गेलाय म्हणजे नक्की किती दूर, उंची किती, अंगावर काही खूण. "लेखिका तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच माहीत नाही तर कोणाला असणार?"

गुरुवारी मी मानव्य समितीपुढे उभी राहिले. समिती दोघांची. एक मानव्यवाले सर आणि दुसरे शवविच्छेदनाचे सर, जे केवळ गुरुवारी दुपारी मोकळे असतात म्हणून समितीत होते.

"सर, त्या कवितेतला मुलगा खोटा आहे," मी म्हटलं.

मानव्यवाले सर दुखावले. "कवितेत खोटं काही नसतं."

"खरा असेल तर बोलवा की मग त्याला," शवविच्छेदनाचे सर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं की अडचण काय आहे.

"कविता मागे घेता येईल का?"

"गुण दिलेली कविता मागे कशी घेणार? पुरवणी जोडा. नियमच आहे. कवितेतली चूक कवितेतच दुरुस्त करायची." मानव्यवाल्या सरांनी जरा विचार केला. "मुलगा वारला असं लिहा. त्यात वजन आहे."

"मृत्यूचा दाखला जोडावा लागेल," दुसरे सर म्हणाले. "आणि कशाने वारला ते स्पष्ट लिहा. मोघम नको."

मी खोलीवर जाऊन मुलाला आठ ओळींत मारला. मेंदूत रक्तस्राव. डाव्या बाजूला. दाखल्याचं पुढे बघू म्हटलं.

या सगळ्या भानगडीत आजोबांचं काय चाललंय याकडे माझं लक्षच नव्हतं. पलंग नंबर दहावर एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांचे दोन मुलगे रोज डबा घेऊन यायचे आणि गाडी कुणी कुठे लावली यावरून पलंगाशीच भांडायचे. ते गेले की दहा नंबर तासभर त्यांना शिव्या घालायचे. आठवडाभर आजोबा नुसतं ऐकत होते. शुक्रवारी सकाळी मी छाती तपासायला गेले तेव्हा दहा नंबर म्हणत होते, "माझे येतात, पण पाणी हवं का म्हणून विचारत नाहीत हो. तुमचा?"

"माझा तर येतच नाही," आजोबा म्हणाले.

म्हणाले ते अगदी ऐटीत. दहा नंबर हळहळून चुकचुकले. आजोबांनी असा सुस्कारा सोडला की मी स्टेथोस्कोप काढून त्यांच्या तोंडाकडेच पाहिलं.

"काय करतो गं तो?" दहा नंबरवाले चालायला गेल्यावर आजोबांनी मला हळूच विचारलं.

"कोण?"

"कोण काय! मुलगा."

"आजोबा, तो मी बनवलाय."

"ते माहितेय मला. मी काय मूर्ख आहे? तो करतो काय, ते विचारतोय."

मी त्याचं काही ठरवलंच नव्हतं. तीन ओळींत गुण मिळाले होते, चौथीची गरज पडली नव्हती.

"मशिनीच्या धंद्यात नको घालूस," ते म्हणाले. "हात काळे होतात, आणि हल्ली नवं मशीन बिघडलं की लोक टाकूनच देतात. दुसरं काहीतरी बघ." मग म्हणाले, "आणि एवढा आजारी बाप, त्याला बघायलाही येत नाही, असा कसा लिहिलास? जरा बरा लिहायचास."

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी खिशातून पुरवणी काढली. "आजोबा, याने तुम्ही सुटाल."

त्यांनी चष्मा लावून आठही ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या. मग कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली.

"मारलास?"

"तो आला नाही म्हणून तर तुम्ही इथं अडकलात."

"न आलेल्या पोरांना मारायला लागलीस तर किती जणांना मारशील?" ते म्हणाले. "हा सगळा वॉर्ड बघ एकदा." आणि त्यांनी घडी स्वतःच्या चष्म्याच्या घरात घालून टाकली. परत मागितली तर दिली नाही.

"निवाऱ्यात नेतील तुम्हाला!" मी जवळजवळ ओरडलेच. "दुकान जाईल. कळतंय का?"

"कळतंय. मेलेल्या मुलाचा बाप म्हणून नाही जायचं मला घरी." त्यांनी तोंड फिरवलं. "त्यापेक्षा दुसरं काहीतरी लिही. लिहिता येतं ना तुला? आठ गुण मिळालेत म्हणे."

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. आणि त्याहून जास्त राग माझा मला आला. एका माणसाचं बरं चाललं होतं. एकटं, किरकिरं, पण बरं चाललं होतं. मी दोन गुणांचे आठ करायला त्याच्या आयुष्यात एक पोरगा घातला आणि तो न येण्याचं दुःखही घातलं. आणि आता मी ते परत न्यायला आले होते, एक्स-रेची फिल्म परत न्यावी तसं.

पुढचे दिवस मी तोंडी परीक्षेचा अभ्यास सोडून कविता लिहिल्या. त्यांत मुलगा आगबोटीवर नोकरीला गेला. मग शाळेत भूगोल शिकवायला लागला. एकदा वाट चुकला. आजोबा प्रत्येक कविता वाचून शेरे मारायचे. "आगबोट नको. बुडाली तर?" "भूगोल शिकवतो आणि वाट कशी चुकेल?" दहा नंबरवाल्यांनीही दोन सूचना केल्या. पंधराव्या दिवशी दुपारी मी कंटाळून एकच गोष्ट लिहिली, की मुलगा आला. का आला नव्हता ते लिहिलं नाही. आला, उभा राहिला, पिशवी उचलली, एवढंच.

"हं," आजोबा म्हणाले. "ही दे."

मानव्यवाल्या सरांनी सात गुण दिले. शेरा: "शेवट पटत नाही. तरी मंजूर." कागद लागला, शिक्का बसला. आता केसपेपरनुसार मुलगा येणार हे पक्कं होतं. फक्त यायला कोणी नव्हतं.

सोळाव्या दिवशी सकाळी साडेदहाला मी महाकवीला धरून आणलं. तो आनंदाने आला. पकडला गेलास तर कॉलेजातून नाव जाईल असं मी सांगितलं होतं, पण यातून त्याला दीर्घकविता मिळेल अशी आशा होती. मी बजावलं होतं, काही बोलू नकोस, सही कर आणि चल. पण वॉर्डच्या दारातच त्याच्या अंगात आलं. "बाबा!" करून तो असा धावला की सलाईनचा स्टँड आडवा झाला, आणि पलंगाशी गुडघे टेकून त्याने आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. अख्खा वॉर्ड उठून बसला. समाजसेविका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आजोबांनी दोन बोटांनी त्याचं डोकं मांडीवरून बाजूला केलं.

"हा कोण?"

"तुमचा मुलगा," सिस्टर म्हणाल्या.

"छे. माझा असला नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, मुलगाच नाही म्हणत होतात ते मी मानलं नाही, कारण मुलगा आहे असं लिहिलंय. पण हा तो नाही म्हणताय, ते मात्र मला मानावं लागेल. ओळख रुग्णाने पटवायची, असंही लिहिलंय." आणि महाकवीला त्यांनी स्टँड उभा करायला लावून बाहेर काढलं.

अकराला दहा मिनिटं होती. खाली निवाऱ्याची गाडी लागलेली खिडकीतून दिसत होती. ड्रायव्हर टायरला लाथ मारून हवा बघत होता.

"आजोबा," मी म्हटलं, "हो म्हणायचं होतंत. एका शब्दाचं काम होतं."

"त्याला नाडी तरी बघता येते का?" ते म्हणाले. "मागच्या मंगळवारी माझ्या मनगटावर नुसता हात धरून बसला होता." मग ते सिस्टरकडे वळले आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ही आलीय न्यायला. हिची सही घ्या."

"त्या डॉक्टर आहेत."

"अजून व्हायचीय."

"कागदावर मुलगा आहे, आजोबा."

"मग? आलाय की."

रजिस्टरमध्ये खोटं नातं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव कॉलेजातून कायमचं काढतात. पाच वर्षं घातली होती मी. सिस्टरनी केसपेपर पाहिला. मग मला पाहिलं, वेणीपासून चपलांपर्यंत. कॉलेजच्या इतक्या वर्षांत त्यांना कागदापेक्षा माणसाकडे जास्त वेळ बघताना मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, आता संपलं.

"ओळख पटली का?" त्यांनी आजोबांना विचारलं.

"पटली."

"मग सही करा लवकर," त्या मला म्हणाल्या, "माझी इंजेक्शनं खोळंबलीत."

त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. रुग्णाचं नाव. नातं: मुलगा. ते आधीच त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि त्यापुढची जागा मोकळी होती. खोडता येणार नाही, हे मला माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. मी निळं पेन काढलं आणि माझं खरं, पूर्ण नाव लिहिलं.

दहा नंबरवाल्यांनी हात हलवला. जिना उतरताना आजोबांना धाप लागली, म्हणून आम्ही मधल्या कठड्याशी थांबलो. निवाऱ्याची गाडी रिकामीच फाटकाबाहेर पडत होती. ती पार वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले. आणि मग, एकदम, ते माझ्यावर भडकले.

"पंधरा दिवस!" ते म्हणाले. "पंधरा दिवस मी पलंगावर पडलोय. रोज दाराकडे बघतोय. आणि आज उगवतेस?"

मी रोज सकाळी सात वाजता त्यांच्या उशाशी उभी होते, हे मला सांगता आलं असतं. तापाच्या तक्त्यावर माझ्या सह्याही आहेत. पण मी तिथं छातीतली घरघर ऐकायला उभी होते. त्यांच्यासाठी म्हणून मी आजच आले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हातातली पिशवी माझ्याकडे दिली.

"चल," ते म्हणाले. "सावकाश उतर."